मध्यम पल्ल्याची धाव आणि पूरक आहारद्रव्ये



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याजवळ मी विज्ञान शिकलो आणि त्यांच्याच शिट्टीवर पाच वर्षे धावलो. थंडीच्या दिवसांत, ग्वाल्हेरचा किल्ला धुक्यात पुरता बुडालेला असताना, सर आम्हाला उरवाई दरवाज्याच्या चढाशी उभे करीत आणि आपण सायकलवरून मागोमाग येत. त्यांच्या खिशात एक लहानशी वही असे. तिच्या एका रकान्यात प्रत्येकाची वेळ लिहिलेली असे आणि समोरच्या रकान्यात त्या मुलाने सकाळी काय खाल्ले होते ते. आम्हाला त्या दुसऱ्या रकान्याचे हसू येई. "चहा-पोळी", "काही नाही", "रात्रीची खिचडी" अशा नोंदी विज्ञानशिक्षकाने कशासाठी ठेवाव्यात, हे तेव्हा कळत नव्हते. पुढे शरीरक्रियाविज्ञान शिकवण्यात माझे आयुष्य गेले, तरी त्या रकान्याचे मोल कळायला मला एका मोठ्या चुकीतून जावे लागले. ती चूक मी आज सांगणार आहे.

विषय निवडण्याचे कारण साधे आहे. माजी विद्यार्थी म्हणून मी शाळेत येतो तेव्हा धावणाऱ्या मुलांचे पालक मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारतात, "डॉक्टर, मुलाला कोणता डबा द्यावा?" डबा म्हणजे पोळीभाजीचा नव्हे, पावडरीचा. या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, आणि एका वाक्यात उत्तर देणारा मनुष्य बहुधा डबा विकणारा असतो. म्हणून आज थोड्या विस्ताराने बोलतो.

दोन मिनिटांत शरीरात काय घडते

८०० आणि १५०० मीटरच्या शर्यती शरीराच्या दृष्टीने विलक्षण अडचणीच्या आहेत. शंभर मीटर धावणाऱ्याला प्राणवायूची वाट पाहावी लागत नाही. स्नायूत साठवलेल्या तयार शक्तीवर त्याचे काम बरेचसे भागते. मॅरेथॉन धावणारा आपला वेग असा राखतो की प्राणवायूचा पुरवठा आणि खर्च यांचा मेळ बसतो. मधल्या पल्ल्याचा धावपटू मात्र दोन्हीकडून ओढला जातो. सुरुवातीची काही सेकंदे तो साठ्यावर धावतो. पुढे स्नायूतील ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, अपुऱ्या प्राणवायूतही वेगाने मोडला जातो आणि शक्ती मिळते. त्याच वेळी हृदय आणि फुफ्फुसे पूर्ण क्षमतेने चालू होतात.

पूर्वी असे मानले जाई की ८०० मीटर ही मुख्यतः प्राणवायूविना होणारी धाव आहे. नव्या मोजमापांनी हे चित्र बदलले. सराव केलेल्या धावपटूंमध्ये ८०० मीटरसाठी लागणाऱ्या शक्तीपैकी सुमारे दोन-तृतीयांश आणि १५०० मीटरसाठी ८० टक्क्यांहून अधिक शक्ती प्राणवायूच्या साहाय्यानेच मिळते. म्हणजे ही धाव मुख्यतः रक्ताची, हृदयाची आणि श्वासाची आहे. उरलेला वाटा प्राणवायूविना उभा करावा लागतो, आणि त्याची किंमत शेवटच्या दोनशे मीटरमध्ये चुकती करावी लागते.

ती किंमत म्हणजे आम्लता. ग्लायकोजेन वेगाने मोडताना स्नायूत हायड्रोजनचे आयन साचतात, स्नायूचे आकुंचन मंदावते आणि पाय शिशाचे होतात. आमच्या पिढीला याचा दोष लॅक्टिक आम्लावर टाकायला शिकवले होते. आज आपण जाणतो की लॅक्टेट हे स्वतः इंधन आहे आणि हृदयसुद्धा ते वापरते. त्रास होतो तो प्रामुख्याने आम्लतेचा आणि तिच्यासोबत होणाऱ्या इतर बदलांचा. हे एवढे ध्यानात ठेवले तर पुढचे सारे सोपे होते. कोणतेही पूरक द्रव्य या धावेला मदत करणार असेल, तर त्याने प्राणवायूचा पुरवठा वाढवला पाहिजे, किंवा तो काटकसरीने वापरला पाहिजे, किंवा आम्लता थोपवली पाहिजे, किंवा मेंदूला थकवा कमी जाणवू दिला पाहिजे. यांपैकी काहीच न करणारा डबा कितीही सुंदर असला तरी तो आपल्या कामाचा नाही.

चाळणीतून काय उरते

बाजारात अशी द्रव्ये शेकडो आहेत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१८ मध्ये तज्ज्ञांचे एकमत प्रसिद्ध केले, तेव्हा कामगिरीवर प्रत्यक्ष परिणाम करणारी, भरवशाचा पुरावा असलेली जेमतेम पाच द्रव्ये त्या चाळणीतून उरली : कॅफिन, क्रिएटिन, नायट्रेट, बीटा-ॲलनिन आणि खाण्याचा सोडा. यांतील दोन तर आपल्या स्वयंपाकघरातच असतात.

प्रथम सोड्याविषयी. रक्तात आम्लता थोपवणारा पदार्थ निसर्गतःच असतो आणि तो म्हणजे बायकार्बोनेट. सोडा घेतला की रक्तातील हा साठा वाढतो आणि स्नायूतील आम्ल बाहेर खेचले जाते. कॅनडातील संशोधकांनी १९८३ मध्ये सहा धावपटूंना ८०० मीटर धावायला लावले. निरुपद्रवी नकली पूड घेऊन त्यांची सरासरी वेळ २ मिनिटे ५.१ सेकंद आली आणि सोडा घेऊन २ मिनिटे २.९ सेकंद. दोन सेकंदांचा फरक म्हणजे या वेगाला तेरा मीटरच्या आसपास. आकडा मोहात पाडणारा आहे, पण मात्राही पाहा. शरीराच्या दर किलोमागे ०.३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या धावपटूला १८ ग्रॅम, जवळजवळ चार चमचे. एवढ्या सोड्यात सुमारे ५ ग्रॅम सोडियम असते आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला २ ग्रॅमहून कमी सोडियम घ्यायला सांगते. शिवाय पुष्कळांना उलटी, पोटात कळा आणि जुलाब होतात. शर्यतीच्या रेषेऐवजी भलतीकडेच धावण्याची पाळी येते.

दुसरे कॅफिन. ते थकव्याची जाणीव बोथट करते. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इंग्लिश प्रयोगात, धावपट्ट्याच्या यंत्रावर १५०० मीटर धावणाऱ्यांची वेळ कॉफीमुळे सुमारे चार सेकंदांनी सुधारली. परिणाम दिसतो तो दर किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅमला. ६० किलोच्या माणसाला खालची मात्रा दोन कप कडक कॉफीतून मिळू शकते. २००३ च्या अखेरपर्यंत ठरावीक मर्यादेपलीकडचे कॅफिन निषिद्ध होते. १ जानेवारी २००४ पासून ते त्या यादीतून काढले गेले. परंतु कॅफिन अंगातून निम्मे उतरायलाच सुमारे पाच तास लागतात. संध्याकाळी घेतलेले कॅफिन रात्रीची झोप खाते, आणि झोपेहून मोठे शक्तिवर्धक अजून कोणी शोधलेले नाही. शाळकरी मुलांना याची मुळीच गरज नाही.

तिसरे नायट्रेट, म्हणजे मुख्यतः बीटाचा रस. आपल्या जिभेवरचे जिवाणू नायट्रेटचे नायट्राइट करतात, पुढे शरीरात त्याचा नायट्रिक ऑक्साइड बनतो आणि तेच काम थोड्या कमी प्राणवायूत होते. इंग्लंडमधील एक्झेटर विद्यापीठात २००९ मध्ये हे दाखवले गेले. जंतुनाशक गुळण्या केल्या तर हा परिणाम बराचसा नाहीसा होतो, कारण बिचारे जिवाणूच मरतात. मात्र जो धावपटू जितका तयार, तितका त्याला लाभ कमी, असेच बहुधा दिसते. पालक आणि मुळ्याचा पाला यांतही नायट्रेट भरपूर असते, आणि त्यांची जाहिरात कोणी करीत नाही.

चौथे बीटा-ॲलनिन. त्यापासून स्नायूत कार्नोसिन तयार होते आणि ते आम्लता आतल्या आत शोषते. रोज ३ ते ६ ग्रॅम, निदान चार आठवडे घेतल्यावर एक ते चार मिनिटांच्या श्रमांत थोडा लाभ दिसतो. अंगाला मुंग्या येणे हा त्याचा नेहमीचा दोष. राहिले क्रिएटिन. ते जोरकस, अल्पकाळच्या श्रमांना उपयोगी आहे. पण त्यामुळे अंगात पाणी साठून वजन एखाद्या किलोने वाढते, आणि ते वजन १५०० मीटर वाहून न्यायचे असते. मधल्या पल्ल्याला त्याचा उपयोग संशयास्पदच.

प्रौढ, तयार धावपटूला या सगळ्यांतून मिळून जे मिळेल ते एखाद-दोन टक्क्यांच्या आतबाहेरचे. अंतिम शर्यतीत एक सेकंद म्हणजे सात मीटर, म्हणून आंतरराष्ट्रीय धावपटू त्यामागे लागला तर मी त्याला हसणार नाही. पण चौदा वर्षांचा मुलगा नियमित सरावाने एका वर्षात पाच-दहा सेकंद सहज कमी करतो. त्याला एका सेकंदाचा डबा विकणे म्हणजे पाया खणण्यापूर्वी कळस विकणे होय.

एक गोष्ट सांगतो. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरच्या अंतिम फेरीत आपले श्रीराम सिंह पहिल्या फेरीअखेर सर्वांच्या पुढे होते. ते सातवे आले, वेळ १ मिनिट ४५.७७ सेकंद. हा राष्ट्रीय विक्रम मोडायला ४२ वर्षे लागली. २०१८ मध्ये जिन्सन जॉन्सन यांनी १ मिनिट ४५.६५ सेकंदांची नोंद केली, म्हणजे ०.१२ सेकंदांची सुधारणा. त्या ४२ वर्षांत पूरक द्रव्यांचा बाजार किती पटींनी वाढला हे आपण पाहिलेच आहे. यावरून मी काही सिद्ध करू पाहत नाही. विक्रम न मोडण्यास कारणे अनेक असतात. पण विक्रम डब्यांतून येत असते, तर ते इतके रेंगाळले नसते.

रक्तातले लोह आणि माझी चूक

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय घेतला तिच्याकडे येतो.

१९९१ साल. मी संध्याकाळी आपल्या शाळेच्या मुलामुलींच्या सरावाला हातभार लावीत असे. नववीतली एक मुलगी १५०० मीटर धावत असे. पाऊल हलके, जिद्द भरपूर. पहिले हजार मीटर ती मोठ्या मुलींच्या पुढे राही आणि मग एकाएकी मागे पडे. मी तिच्या वडिलांना प्रथिनांच्या पावडरीचा डबा आणायला सांगितले. ते एका दुकानात हिशेब लिहीत. डब्याची किंमत त्यांच्या आठवड्याच्या पगाराएवढी होती. त्यांनी "डॉक्टर सांगतात" म्हणून पाच महिन्यांत पाच डबे आणले. तिची वेळ सुधारली नाही, उलट बिघडली. एके दिवशी सर्वांसमोर मी तिला आळशी म्हटले.

सर तेव्हा निवृत्त झाले होते. मी त्यांना ही हकिकत सांगितली तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "पावडर दिलीस, ठीक. तिचं रक्त तपासलंस का रे? आणि सकाळी ती काय खाऊन येते ते विचारलंस?"

मी दोन्ही केले नव्हते. शरीरक्रियाविज्ञानाचा अध्यापक असून केले नव्हते. विचारल्यावर कळले की ती सकाळी फक्त चहा पिऊन येते, आणि घरी जेवणानंतर पुन्हा चहा होतो. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन निघाले ८.६.

हा आकडा म्हणजे काय, ते पाहा. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेते. हिमोग्लोबिन १३ असलेल्या मुलीच्या एक लिटर रक्तात सुमारे १७४ मिलिलिटर प्राणवायू मावतो, आणि ८.६ असलेल्या मुलीच्या रक्तात ११५. म्हणजे एक-तृतीयांश कमी. ज्या शर्यतीत ८० टक्क्यांहून अधिक शक्ती प्राणवायूतून यायची, ती शर्यत ही मुलगी अशा रक्तावर धावत होती आणि हजार मीटर पुढेही राहत होती. आळशी ती नव्हती. तिला हवे होते लोह, आणि मी देत होतो प्रथिने.

लोहाच्या गोळ्यांनी चार महिन्यांत रक्त भरून आले. पण धावणे तिने तोवर सोडले होते, ते सोडलेच. वडिलांचे पैसे आणि तिचे ते वर्ष मला परत करता आले नाही.

ही एकट्या मुलीची गोष्ट नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली आणि ३१ टक्के मुलगे रक्तक्षयग्रस्त आढळले. धावणाऱ्यांना धोका अधिक, कारण घामातून थोडे लोह जाते, पावलांच्या आघाताने काही तांबड्या पेशी फुटतात आणि मुलींना मासिक पाळीचा भार असतो. रक्तक्षय दिसू लागण्यापूर्वीच लोहाचा साठा आटतो. तो फेरिटिनच्या तपासणीत कळतो. मात्र तपासणीविना, डॉक्टरांच्या सल्ल्याविना लोहाच्या गोळ्या घेऊ नयेत. जादा लोह शरीराला बाहेर टाकता येत नाही आणि ते यकृताला घातक ठरू शकते. जेवणाबरोबरचा चहा लोह शोषू देत नाही, तर लिंबू आणि आवळा ते शोषायला मदत करतात. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवायला पैसे पडत नाहीत.

ताटाचा हिशेब

प्रथिने नकोत असे मी म्हणत नाही. धावणाऱ्याला दर किलोमागे साधारण १.२ ते १.७ ग्रॅम प्रथिने लागतात. ५० किलोच्या मुलाला ६० ते ८५ ग्रॅम. आता हिशेब मांडू. अर्धा लिटर दुधात सुमारे १६ ग्रॅम, दिवसभरातील १०० ग्रॅम डाळीत २२, मूठभर म्हणजे ५० ग्रॅम हरभऱ्यात १०, ३०० ग्रॅम कणकेत ३५. बेरीज ८३ झाली, आणि अजून शेंगदाणे, दही, अंडे आलेलेच नाही. याहून जास्त घेतलेल्या प्रथिनांचे स्नायू होत नाहीत. ती जळतात आणि त्यांतला नत्र युरिया होऊन लघवीवाटे जातो.

मधल्या पल्ल्याचे खरे इंधन पोळी, भात, बटाटा, केळे आणि गूळ यांतून येते. पोळी-भात सोडून पावडर खाणारा मुलगा ग्लायकोजेनशिवाय धावायला उभा राहतो. आपल्याकडच्या थंडीतली तीळ-गुळाची गजक, भिजवलेले हरभरे, सत्तू या धावपटूच्या जिन्नसा आहेत. त्यांवर चकचकीत चित्र नाही एवढाच त्यांचा दोष. जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रांविषयीही सावध राहावे. क आणि ई जीवनसत्त्वे भरमसाट घेतल्यास सरावातून होणारा शरीराचा बदलच काही अंशी मंदावतो, असे काही प्रयोगांत दिसले आहे.

डब्यात काय असते

शेवटचा मुद्दा प्रामाणिकपणाचा. जर्मनीतील कोलोनच्या प्रयोगशाळेने तेरा देशांतून आणलेली ६३४ पूरक द्रव्ये तपासली आणि २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी ९४ डब्यांत, म्हणजे जवळजवळ १५ टक्क्यांत, लेबलावर न लिहिलेली हार्मोनजन्य द्रव्ये सापडली. म्हणजे साधारण दर सात डब्यांमागे एक.

जागतिक डोपिंगविरोधी संस्थेचा, जिला थोडक्यात वाडा म्हणतात (आपल्या लष्करातला वाडा नव्हे), नियम असा आहे की शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू स्वतः जबाबदार. "मला ठाऊक नव्हते" हे उत्तर चालत नाही. २०१० च्या आशियाई स्पर्धेत रिलेचे सुवर्णपदक आणणाऱ्या आपल्या काही धावपटू २०११ मध्ये चाचणीत दोषी ठरल्या. प्रशिक्षकाने दिलेल्या जिनसेंगमध्ये भेसळ होती, असे त्यांचे म्हणणे होते. येथे एक वर्षाची बंदी झाली, आणि २०१२ मध्ये क्रीडा लवादाने ती दोन वर्षांची केली. २०२३ मध्ये भारतात तपासलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१४ दोषी निघाले. पाच हजारांहून अधिक नमुने तपासणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. यांत जाणूनबुजून फसवणारे असतील, तसे कोणावर तरी विश्वास ठेवणारेही असतील. आपल्या मुलांनी या दोन्ही रांगांत उभे राहू नये.

म्हणून शाळेपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे तीन विनंत्या ठेवतो. पहिली, शाळेच्या वतीने अठरा वर्षांखालील मुलाला कोणीही डबा सुचवू नये, मग सुचवणारा डॉक्टर का असेना. दुसरी, धावणाऱ्या प्रत्येक मुलामुलीचे रक्त वर्षातून एकदा पालकांच्या संमतीने तपासले जावे. त्या खर्चासाठी आजच्या व्याख्यानाचे मानधन मी शाळेकडे देत आहे, इतरांनी यथाशक्ती भर घालावी. तिसरी, सरावानंतर मुलांना भिजवलेले हरभरे, गूळ आणि लिंबू मिळावे.

आणि सरांची वही पुन्हा सुरू करावी. दोन रकान्यांची. वेळ लिहिण्यापूर्वी समोरचा रकाना भरावा, आणि तो भरताना मुलाला विचारावे, "बाळ, आज काय खाऊन आलास?" १९९१ साली हे मला सुचले असते तर एक मुलगी कदाचित आणखी काही वर्षे धावली असती.